गच्चीची निगा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळवाची पहिली सर पडून गेली की माझ्याकडे गच्च्यांचे फोटो यायला लागतात. छताला धरलेली ओल, हिरवीगार फरशी, भेगेतून डोकावणारा पिंपळ, गंजून हलणारं रेलिंग. इमारत दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षं काढल्यामुळे लोक हक्काने विचारतात आणि मीही हक्काने उत्तर देतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. माझा सगळा भर दोन गोष्टींवर आहे: पडलेलं पाणी गच्चीवरून लगेच निघून गेलं पाहिजे, आणि गच्चीच्या कडेला उभा राहिलेला माणूस सुखरूप राहिला पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

१. गच्चीची साफसफाई वर्षातून किती वेळा करायची आणि कधी?

मोठी साफसफाई दोनदा. एक मेच्या मध्यावर, म्हणजे मुंबई-कोकणात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावण्याआधी काही दुरुस्ती निघाली तर तीन आठवडे हाताशी राहतात. दुसरी ऑक्टोबरात, दिवाळीच्या आवराआवरीबरोबर. शिवाय पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक चक्कर मारायची, फक्त पाण्याची तोंडं मोकळी आहेत का ते बघायला.

बहुतेक घरांत फक्त मे महिन्यातली सफाई होते. मला विचाराल तर ऑक्टोबरची जास्त मोलाची आहे. चार महिने पाणी कुठे साचलं आणि कुठून आत शिरलं याच्या खुणा तेव्हा ताज्या असतात, ऊन चांगलं असतं आणि गवंडीही निवांत भेटतो. मे महिन्यात गवंड्याच्या मागे अख्खं गाव लागलेलं असतं, त्यामुळे काम उरकून टाकलं जातं.

२. सुरुवात कुठून करायची? आम्ही सरळ पाइप लावून गच्ची धुतो.

धुणं सगळ्यात शेवटी. आधी पाणी मारलं की वर्षभराची माती, पानं आणि कबुतरांची पिसं चिखल होऊन पाइपात जाऊन बसतात. आपणच पाइप तुंबवतो आणि दोष पावसाला देतो.

आधी गच्ची रिकामी करा. तुटक्या खुर्च्या, उरलेल्या फरश्या, रंगाचे डबे, जुना कूलर, सगळं हलवा. टाकीखाली आणि टाकीमागे हात घाला, कारण सगळ्यात जास्त कचरा तिथेच असतो. मग कोरड्या गच्चीवर खराटा मारा, पण कचरा पाइपाच्या तोंडाकडे लोटू नका. तिथून उलट दिशेला ओढा आणि सुपड्यात भरा. पाइपाच्या तोंडाची जाळी काढून आतला गाळ हाताने काढा. त्यानंतर पाणी.

धुऊन झाल्यावर लगेच खाली उतरू नका. गच्ची वाळत असताना बघत राहा. सगळा पृष्ठभाग वाळून फिका पडतो तेव्हा बारीक भेगा मात्र काळ्या ओल्या रेघांसारख्या उठून दिसतात, कारण त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं. खडूने त्यांवर खुणा करा आणि फोटो काढून ठेवा. एरवी डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधायची याहून सोपी आणि फुकटची रीत मला माहीत नाही.

३. पावसाळी पाइप तुंबलाय हे पाऊस येण्याआधी कसं कळणार?

एकाने खाली पाइपाच्या शेवटाशी उभं राहायचं, दुसऱ्याने वरून दोन बादल्या पाणी एकदम ओतायचं. खाली धबधब्यासारखं आलं तर पाइप मोकळा. बारीक धार लागली, वर पाणी गोल फिरत थांबलं किंवा पाइपातून गडगड आवाज आला तर आत काहीतरी अडकलंय.

काढताना वरून काठी ढोसू नका. अडकलेलं आणखी खाली वळणावर जाऊन घट्ट बसतं. लवचिक तार किंवा प्लंबरची स्प्रिंग खालून वर घालणं बरं. ॲसिड ओतणं तर बिलकूल नको.

जाळीबद्दल एक सांगतो. सपाट जाळी एका बदामाच्या पानाने किंवा दुधाच्या एका पिशवीने झाकली जाते. घुमटासारखी वर आलेली जाळी बसवा, म्हणजे तळाशी कचरा साचला तरी वरच्या भागातून पाणी जातं. आणि कचरा अडवायला तोंडाला फडकं बांधू नका. पहिल्याच पावसात ते बूच होतं.

४. आमच्या गच्चीला एकच पाइप आहे. पुरतो का?

हिशेब करून बघा. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. तुमची गच्ची ५० चौरस मीटरची असेल आणि तासाला १०० मिमी वेगाने पाऊस कोसळत असेल, तर तासाभरात ५,००० लिटर पाणी निघून जायला हवं. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या कोष्टकाप्रमाणे एवढ्या जोराच्या पावसात चार इंची पाइप साधारण ४३ चौरस मीटर छपराला पुरतो. म्हणजे ५० चौरस मीटरला दोन पाइप हवेत.

आणि दोन तोंडं हवीत याचं खरं कारण वेगळंच आहे. एक तुंबलं तर दुसरं चालू राहतं. एकाच तोंडाची गच्ची तुंबली आणि चार इंच पाणी साचलं, तर प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो, म्हणजे ५० चौरस मीटरच्या गच्चीवर ५ टन वजन उभं राहतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्या दिवशी अशा एका गच्चीवर ४७,००० लिटरांहून जास्त पाणी पडलं असणार.

दुसरा पाइप काढणं जमत नसेल तर कठड्याला फरशीपासून दोन-तीन इंचांवर एक भोक पाडून बाहेर निघणारी पन्हळ बसवा. नेहमी ती कोरडी राहील. मुख्य पाइप तुंबला की तिच्यातून पाणी पडायला लागेल आणि खालच्या माणसालाही कळेल की वर काहीतरी बिनसलंय.

५. शेवाळावर काय टाकायचं?

आधी काही न टाकता काथ्याच्या कडक ब्रशने घासून बघा. कोवळं शेवाळ तेवढ्याने निघतं. जुनं चिकट असेल तर १० लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी शेवाळावर शिंपडून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग घासून भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा घाला. पावडर बादलीत टाकताना वारा तोंडावर येईल असं उभं राहू नका. कुंड्या आधी बाजूला घ्या. ब्लीचिंग पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून गेल्या वर्षीची उरलेली पुडी वापरून 'काही फरक पडला नाही' म्हणू नका.

हे काम चप्पल घालून करू नका. खाली खाचा असलेले रबरी बूट घाला. माझी मावशी जुलैत वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि जिन्याच्या दारातल्या दोन फूट हिरव्या पट्ट्यावर घसरली. मांडीचं हाड मोडलं. सगळी गच्ची घासणं शक्य नसेल तर निदान जिन्याचं दार, दोरीखालची वाट आणि टाकीपर्यंतची वाट एवढं तरी पावसाळाभर स्वच्छ ठेवा.

६. ॲसिडने लवकर निघतं असं कामवाले म्हणतात. वापरू का?

नाही. कारणं दोन, आणि पहिलं जिवाशी निगडित आहे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. फरशी पुसायचं किंवा संडास धुवायचं ॲसिड असलं तरी हेच होतं. एकाने सकाळी ब्लीचिंग टाकलं, दुसऱ्याने न विचारता दुपारी ॲसिड ओतलं, असं होऊ शकतं. छाती भरून आली, खोकला थांबेना झाला तर सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत जा आणि डॉक्टरांकडे जा.

दुसरं कारण गच्चीचं. ॲसिड सिमेंट खातं. चायना मोझॅकच्या (फुटक्या चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे बसवलेल्या फरशीच्या) तुकड्यांमधलं सिमेंट उतरलं की तुकडे सुटतात आणि पाण्याला आत वाट मिळते. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर ॲसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे तुमची फरशीच विरघळत असते.

७. प्रेशर वॉशर भाड्याने मिळतो. चालेल?

नव्या, घट्ट फरशीवर चालेल. नोझल एका जागी धरू नका आणि सांध्यांवर सरळ मारू नका. जुना कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला जाड थर), चायना मोझॅक किंवा रासायनिक थर दिलेली गच्ची असेल तर नको. त्या जोराने सुटू पाहणारा थर पुरता सुटतो. आणि मशिनची वायर ओल्या गच्चीवरून जाते हे विसरू नका (प्रश्न १७ पाहा).

८. कठडा किती उंच हवा? आमचा जुना वाडा आहे, कठडा मांडीपर्यंतच येतो.

मांडीपर्यंतचा कठडा धोक्याचाच. माणूस अडखळला की कठडा त्याला अडवत नाही, उलट त्यावरून पलीकडे टाकतो. साडेतीन फुटांहून कमी उंची मी सुरक्षित मानत नाही, आणि तुमच्या महापालिकेच्या नियमांत याहून जास्त मागितली असेल तर ती पाळा. जुन्या कठड्यावर वीट चढवण्याआधी तो वजन पेलेल का हे अभियंत्याला दाखवा. वाड्यांच्या बाबतीत त्याच्या आत, स्लॅबमध्ये घट्ट बसवलेलं लोखंडी रेलिंग बहुधा जास्त बरं पडतं.

उंचीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कठड्याजवळ काय ठेवलंय. कुंडी, विटांचा ढीग, टाकीचा ओटा, प्लास्टिकचं स्टूल, लहान मुलासाठी ही सगळी पायरी असते. साडेतीन फुटांच्या कठड्याला दीड फुटाची कुंडी टेकवली की मुलाच्या दृष्टीने तो दोन फुटांचा झाला. आडव्या सळ्यांचं रेलिंग म्हणजे तर शिडीच. नवीन करताय तर उभ्या सळ्या घ्या आणि दोन सळ्यांमध्ये चार इंचांपेक्षा कमी फट ठेवा, म्हणजे लहानग्याचं डोकं त्यातून जाणार नाही.

९. रेलिंग वरून ठीक दिसतं. तपासायचं कसं?

रेलिंग वरून कुजत नाही, तळाशी कुजतं. पाइप जिथे सिमेंटमध्ये शिरतो तिथे पाणी थांबतं आणि वरच्या रंगाखाली गंज चालू राहतो. तळाशी रंग फुगला असेल तर स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर तो पाइप संपलाय.

मग हलवून बघा, पण रेलिंगवर रेलून नाही. एक पाय मागे ठेवून, वजन आपल्याकडे ठेवून, दोन्ही हातांनी आत-बाहेर ओढा. तळाशी जरा जरी हललं तरी त्या बाजूला दोरी बांधून वाट बंद करा आणि वेल्डरला बोलवा. रंगाचा हात मारून ते वर्ष ढकलू नका. किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे ही तपासणी दोन्ही साफसफाईंच्या वेळी करायची, देशावर वर्षातून एकदा पुरते.

तळाशी सिमेंट उभं फुटलं असेल तर तेही गंजाचंच काम. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि काँक्रीट आतून फोडतं.

१०. वरच्या मजल्याच्या छताला ओल आहे. गच्चीच गळतेय हे कशावरून?

आधी ओलीची वेळ पाहा. पाऊस पडल्यावर वाढते आणि उघडीप मिळाल्यावर कमी होते, तर गच्ची. मार्च-एप्रिलमध्येही तशीच राहते, तर टाकी किंवा पाण्याची लाइन. टाकी भरल्यावर वाढत असेल तर टाकीच्या तळाचा पाइप किंवा ओव्हरफ्लो. थंडीत पहाटे छताच्या कोपऱ्यात बुरशी येते आणि दुपारी सुकते, तर ती बहुधा खोलीतलीच वाफ असते आणि खिडकी उघडी ठेवून जाते.

ओल जिथे दिसते तिथेच वर भेग असेल असं धरून चालू नका. स्लॅबवरून पाणी उतारावर सरकत जातं आणि कुठेतरी लांब जाऊन ठिबकतं. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो कोपरा, पाइप स्लॅबमधून जातो ती जागा आणि जिन्याच्या दाराचा उंबरठा, या तीन जागा आधी बघा. मी पाहिलेल्या बहुतेक गळत्या मोकळ्या फरशीत नव्हत्या, या तीन जागांपैकी एकीत होत्या. गवंडी कोपऱ्याला सिमेंटची गोलाई देतात, तिला वाटा म्हणतात. हा वाटा भिंतीपासून सुटला की पाणी त्याच्या मागून उतरतं आणि वर सगळं ठणठणीत दिसतं.

११. पाणी साठवून चाचणी करतात म्हणे. घरी करता येईल?

येईल, पण ऑक्टोबरनंतर आणि गच्ची धडधाकट असेल तरच. पाइपाचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याने बंद करा, काठाला सिमेंट-वाळूचा छोटा बांध घाला, इंचभर पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. खालच्या मजल्यावर छताचे फोटो आधी, मध्ये आणि नंतर काढा. इंचभर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो, चांगल्या स्लॅबला ते जड नाही. छताचं काँक्रीट सुटलेलं, सळ्या उघड्या पडलेल्या असतील तर ही चाचणी मुळीच करू नका. प्रश्न २१ वाचा.

१२. पाऊस सुरू झालाय आणि आत्ताच गळायला लागलंय. वॉटरप्रूफिंगचा डबा आणून लावू?

ओल्या पृष्ठभागावर ॲक्रिलिकचा थर धरत नाही. वर थर, खाली ओल, आणि ऊन पडलं की वाफेने फुगे येतात. पैसे तर जातातच, पुढच्या वर्षी तो सोलण्याची मजुरीही द्यावी लागते.

तात्पुरतं काय करता येईल? पाइपाचं तोंड मोकळं आहे ना ते आधी पाहा. निम्म्या वेळी गळती तेवढ्यानेच कमी होते. जाड ताडपत्री उताराच्या दिशेने, वरची कड भिंतीत नीट दाबून अंथरा. तिच्या कडांवर विटा ठेवण्यापेक्षा वाळूच्या पिशव्या बऱ्या. ठिबकणाऱ्या जागेजवळ दिवा किंवा पंखा असेल तर त्या खोलीचा वीजपुरवठा बोर्डावरून बंद करा. बाकी काम ऑक्टोबरवर टाका.

१३. मग थर द्यायचा कधी, आणि किती टिकतो?

ऑक्टोबर ते मे, पृष्ठभाग पुरता कोरडा असताना. भेगा उकरून भरायच्या, कोपऱ्यात फायबरची जाळी बसवायची, प्रायमर, मग दोन आडवे-उभे हात, मध्ये डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ. कंपनीची हमी कितीही वर्षांची असली तरी दर ऑक्टोबरला तो थर तपासा. त्यावर जड वस्तू ओढली, कुंडी सरकवली की तो तिथे फाटतो. पांढरा थर घेतलात तर उन्हाळ्यात वरचा मजला थोडा थंडही राहतो, नागपूर-अकोल्याकडे हा फायदा छोटा नाही.

उतार चुकीचा असेल तर मात्र कुठलाच थर कामाचा नाही. उतार १०० ला १, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच तरी हवा. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी जिथे अजून डबकं आहे तिथे आधी उतार दुरुस्त करा.

१४. गवंडी म्हणतो जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकू. चालेल ना?

एकदम नाही म्हणा. विटांच्या तुकड्यांचा चार-पाच इंची कोबा दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन टाकतो. एक आधीच आहे, त्यावर दुसरा म्हणजे ४०० किलो, आणि खालच्या कोब्यात मुरलेलं पाणी कायमचं कोंडलं जातं. जुना कोबा खराब असेल तर तो काढूनच नवा टाका. मजुरी जास्त लागेल, मान्य आहे. पण कोबा काढल्यावर स्लॅबची खरी अवस्था दिसते, ती बघणंही तितकंच गरजेचं असतं.

१५. भेगेत पिंपळ उगवलाय. दरवर्षी कापतो, दरवर्षी येतो.

कापल्यामुळेच येतो. वरचं कापलं की मूळ जाड होत जातं आणि भेग रुंद होते. चार पानांचं रोप असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये चुना-सिमेंट ओलं असताना मुळासकट अलगद उपटा, तेव्हा ते सहज येतं. बोटाएवढं झालं असेल तर गवंड्याकडून तिथलं प्लास्टर उघडून मूळ पूर्ण काढून घ्या आणि पोकळी भरा. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला असेल तर वरून वाकून काढायचा प्रयत्न कुणीही करू नये. परांची किंवा कमरेला दोर बांधून काम करणारा माणूसच बोलवा. पिंपळ तोडायला मन धजत नसेल तर उपटलेलं रोप शेताच्या बांधावर किंवा देवळाच्या आवारात लावा, बरेच जण तसं करतात.

१६. गच्चीवर बाग करायची आहे. किती माती चालेल?

ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतात. एक फूट जाडीची ओली माती दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जाते. म्हणजे मातीचे थेट वाफे घालायचे असतील तर अभियंत्याला विचारल्याशिवाय हात घालू नका. कुंड्या हलक्या मिश्रणाने भरा (कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, थोडी माती), त्या तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर ठेवा, गच्चीच्या मधोमध नको. प्रत्येक कुंडीखाली विटेचे दोन तुकडे ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहील आणि फरशीही वाळेल. कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, तारेने बांधूनसुद्धा नाही. कुंड्यांखालच्या बशांचं काय, ते प्रश्न १८ मध्ये.

१७. सोलर, मोटर, दिवे, ओली गच्ची. विजेचं काय बघायचं?

गच्चीवरच्या सर्व जोडण्यांसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा खटका) हवा, आणि त्याचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते बघा. उघड्या वायरी, टेपने जोडलेले सांधे मेमध्येच इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. सोलर पॅनेल सकाळी लवकर, ती गार असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. पॅनेल उन्हात असताना वीज तयार होतच असते, त्यामुळे सुटलेल्या वायरीला हात लावू नका.

घराशेजारून वीजवाहिनी जात असेल तर गच्चीवर लांब पाइप, सळई, लोखंडी शिडी उभी धरू नका. आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की वाळवण असो, कपडे असोत, खाली या. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका.

१८. गच्ची स्वच्छ आहे तरी डास कसे?

बशी, जुना टायर, ताडपत्रीच्या सुरकुतीत साचलेलं कपभर पाणी, टाकीचं अर्धवट बसलेलं झाकण. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा आणि सगळं पाणी ओतून द्यायचं. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात, म्हणून घासून धुवा.

कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नका. तिची धूळ फुप्फुसांना बाधते. आधी पाणी शिंपडून ओली करा, मास्क लावा, मग खरवडा.

१९. पत्र्याची शेड आहे. तिचं काय तपासायचं?

हुक, वॉशर आणि कडा. गंजलेला एक हुक सुटला की वारा त्या कोपऱ्यातून आत शिरतो आणि पत्रा उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा पावसाळा अजून यायचा होता. कोकणातल्या माणसाने म्हणूनच ही तपासणी मेअखेरपर्यंत पुरी केलेली असावी. दुरुस्तीसाठी पत्र्यावर चढायचं असेल तर फळी टाकून, तिच्यावरूनच चाला. सिमेंटचे जुने पत्रे माणसाचं वजन पेलत नाहीत. शेडला परवानगी आहे का, हे स्थानिक कार्यालयात आधी विचारून घ्या.

२०. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. सोसायटी म्हणते गळती तुमची, खर्च तुम्ही करा.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, कठडे आणि पावसाच्या पाण्याने छताला होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. वरच्या मजल्याला त्रास होतो म्हणून खर्च त्याच्यावर टाकता येत नाही. सदनिकेतल्या न्हाणीघर-सिंकमधून खाली होणारी गळती ही त्या सभासदाची. लेखी तक्रार द्या, तारखेसह फोटो जोडा आणि पोच घ्या.

अपवाद असा: एखाद्या सदनिकेला जोडलेली खासगी गच्ची असेल आणि मालकाने तिथे फरशी फोडून, वाफे करून मूळ थर खराब केला असेल तर प्रकरण बदलतं. तेव्हा खरेदीचा करार काढून वाचा.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी, ३० वर्षांपुढची असेल तर दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची, हेही उपविधींत आहे. सर्वसाधारण सभेत मागणी करताना हा आधार द्या.

२१. कुठल्या खुणा दिसल्या तर गच्चीवर जाणंच बंद करायचं?

छताच्या खालच्या बाजूने काँक्रीटचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या असतील. काठीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज मोठ्या भागावर येत असेल. बाल्कनी किंवा सज्जा भिंतीला जिथे मिळतो तिथे वरच्या बाजूला लांब सरळ भेग पडली असेल. सज्जा पुढे झुकलेला दिसत असेल. यांपैकी एक जरी दिसलं तरी वर आणि खाली दोन्हीकडे वावर बंद करा, कुंड्या-टाक्या असं वजन शक्य असेल तर घराच्या आतूनच उतरवा आणि संरचना अभियंत्याला बोलवा. सज्जाची भेग वरच्या बाजूला असणं विशेष वाईट, कारण त्याला धरून ठेवणाऱ्या सळ्या वरच असतात आणि पाणी नेमकं त्यांच्यावर जातं.

२२. फ्लॅटच्या बाल्कनीत लाकडी डेक बसवला आहे. त्याला वेगळं काही लागतं का?

डेकखाली काय चाललंय हे दिसत नाही, हीच अडचण. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा निदान दोन-तीन पट्ट्या उचलून खालची माती आणि पाणी जायचं भोक साफ करा. बसवतानाच पट्ट्या स्क्रूने उचलता येतील अशा करून घ्या. सागवानाला पावसाळ्यानंतर, पुरतं वाळल्यावर तेलाचा हात द्या. प्लास्टिक-लाकडाच्या मिश्र पट्ट्यांना तेल नको, पण शेवाळ त्यांच्यावरही येतं. डेकमुळे फरशी दोन-तीन इंच वर आली, म्हणजे रेलिंग तेवढंच बुटकं झालं, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्रश्न ८ मधली उंची डेकच्या वरून मोजा.

२३. मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्या घरामागे उंच लाकडी डेक आहे. आम्ही सहा महिने तिथे असतो. काय बघावं?

आधी डेक घराला जिथे जोडलाय ती फळी बघा. तिकडे डेक कोसळण्याच्या घटनांत ही जोडणी सुटणं हे नेहमीचं कारण आहे. ती नुसत्या खिळ्यांवर असेल, बोल्ट किंवा जाड स्क्रू दिसत नसतील, तर मुलाला सांगून लगेच तपासून घ्या. तिकडच्या घरबांधणी संहितेत जमिनीपासून ३० इंचांहून उंच डेकला किमान ३६ इंचांचं रेलिंग आणि ४ इंचांपेक्षा कमी फट लागते. २००३ अखेरपर्यंत घरगुती डेकसाठी आर्सेनिक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड वापरात होतं, म्हणून जुना डेक असेल तर तो पॉलिश पेपरने घासू नका आणि त्याचे तुकडे शेगडीत जाळू नका. बर्फ काढायला लोखंडी फावडं नको, प्लास्टिकचं घ्या, आणि ते पट्ट्यांच्या दिशेने ओढा. गणपतीला किंवा दिवाळीला सगळ्या मित्रमंडळींना एकाच वेळी डेकवर उभं करण्याआधी ही तपासणी झालेली असू द्या.

२४. संक्रांतीला मुलं गच्चीवर पतंग उडवतात. काही काळजी?

पतंग उडवणारं मूल वर बघत मागे सरकतं, हाच धोका. कठड्यापासून पाच फुटांवर खडूने रेघ मारा आणि एक मोठा माणूस फक्त मुलांकडे बघायला उभा करा, पतंगाकडे नाही. टाकीवर आणि जिन्याच्या छतावर कुणालाही चढू देऊ नका. तिथे कठडाच नसतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. तो गळा कापतो, पक्ष्यांचे पंख कापतो, आणि धातूची पूड लावलेला मांजा वीजवाहिनीला लागला तर धक्का बसतो. साधा सुती दोरा द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर आणि टाकीच्या पाइपांत अडकलेला मांजा गोळा करून टाका, नाहीतर तोच जूनमध्ये पावसाळी पाइपाच्या तोंडात गुंतलेला सापडतो.